मधल्या वेळात काय बदललं?



मागच्या सोमवारी आमच्या वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. शनिवारी तर ते छान चालत होतं. मी विचारलं, "कुणी हात लावला होता का रे?" झालं! सगळ्या माना खाली. कुणी पाटीकडे बघतंय, कुणी दप्तराचा पट्टा घट्ट करतंय. त्या खाली गेलेल्या माना बघून मला हसू आलं. कारण तशीच एक मान मीसुद्धा एकदा खाली घातली होती. त्यामुळे एक गाडी रस्त्यात तीन वेळा बंद पडली आणि माझी परीक्षा बुडायची वेळ आली. आज तीच गोष्ट सांगते. घड्याळाचं काय झालं, ते शेवटी.

गोष्ट १९९८ सालची. मी चौथीत होते. त्या काळी शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला असायची. आमचं गाव गगनबावडा रस्त्यावर, कळ्याच्या पुढे, आणि परीक्षेचं केंद्र कोल्हापूर शहरात. "पोरीला एस्टीच्या गर्दीत कशाला धाडताय? मी नेतो की गाडीतनं," असं म्हणून माझे मामा आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आले. त्यांची गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी. येताना त्यांनी टाकी गच्च भरून आणली होती.

संध्याकाळी मोठी माणसं चहा घेत बसली. मी आणि माझा मामेभाऊ गाडीभोवती घुटमळत होतो. टाकीच्या तोंडावर एक छोटं पत्र्याचं दार होतं. ते उघडलं की आत टाकीचं झाकण. पेट्रोलचा वास कसा येतो ते बघू म्हणून आम्ही ते झाकण फिरवून काढलं. (मुलांनो, हा नुसता खोडकरपणा नव्हता, हा धोका होता. पेट्रोलची वाफ एका ठिणगीनं भडकते. तुम्ही असलं काही करायचं नाही.) तेवढ्यात आईनं हाक मारली. मी दचकले. झाकण हातातून निसटलं, उतारावरून घरंगळत गेलं आणि थेट विहिरीत! डुबुक!

आता काय करायचं? मामेभावानं दुधाची रिकामी पिशवी आणली. ती दुहेरी करून टाकीच्या तोंडावर बसवली, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून करकचून बांधली. पत्र्याचं दार लावलं. बाहेरून कुणाला काही कळायला वाव नव्हता. "सांगायचं न्हाई हां कुणाला," तो म्हणाला. आणि मी नाही सांगितलं.

सकाळी आठला निघालो. अकराला पेपर. गाडी मस्त पळत होती. सहा-सात किलोमीटर गेलो असू, तोच गाडी खोकल्यासारखी करायला लागली. दोन-चार हिसके दिले आणि बंद! मामांनी बॉनेट उघडलं, इकडची वायर हलवली, तिकडची दाबली. दहा-पंधरा मिनिटांनी स्टार्टर मारला तर गाडी लगेच चालू. मामा खूश. "वायर ढिली हुती," ते म्हणाले.

चार किलोमीटरवर पुन्हा तेच. कुडित्र्याच्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर चालले होते, त्यांच्या रांगेजवळच गाडी थांबली. आता सल्ला द्यायला माणसंही जमली. एक म्हणाला, "प्लग गेलाय." दुसरा म्हणाला, "पेट्रोलमध्ये भेसळ असंल." तिसरा म्हणाला, "इंजान तापलंय, पाणी मारा." कुणाचंच कुणाशी जुळेना. वडापच्या जीपा जात होत्या, पण माणसं बाहेर लोंबकळत होती, आम्हाला जागा कुठली! थोड्या वेळानं गाडी पुन्हा चालू झाली आणि बालिंग्याच्या पुलाच्या अलीकडे तिसऱ्यांदा बसली. दहा वाजत आले होते. आई देवाचं नाव घेत होती. माझ्या पोटात गोळा आला होता. तो परीक्षेचा होता की झाकणाचा, हे माझं मलाच ठाऊक.

आता गोष्ट जरा थांबवू आणि एक प्रश्न विचारू. गाडी चालायला नक्की काय लागतं?

घरातली चूल आठवा. चुलीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि पेटवायला काडी. पेट्रोलच्या इंजिनालाही तेच तीन लागतात. पेट्रोल हे जळण. हवा बाहेरून गाळून येते. आणि काडीचं काम करतो स्पार्क प्लग, तो विजेची ठिणगी पाडतो. चौथी गोष्ट मात्र चुलीपेक्षा वेगळी, ती म्हणजे दाब. इंजिनात पिस्टन नावाचा दट्ट्या सिलिंडरमध्ये खाली-वर होतो. पहिल्या फेरीत तो हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या फेरीत ते दाबतो. मग ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. याच धक्क्यावर गाडी पळते. चौथ्या फेरीत धूर बाहेर.

म्हणजे चालती गाडी अचानक बंद पडली तर बहुतेक वेळा या चारांपैकी एक कुणीतरी गैरहजर असतं. जळण, हवा, ठिणगी, दाब. मिस्त्रीचं काम एवढंच, की हजेरी घ्यायची आणि गैरहजर कोण ते शोधायचं. आमच्या रस्त्यावरची माणसं हजेरी न घेताच नावं पुकारत होती!

पुलाजवळ एक छोटं गॅरेज होतं. तिथले वयस्कर मिस्त्री हात पुसत आले. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, "झटक्यात बंद पडली का आचके देत?"

"आचके देत," मामा म्हणाले.

"थांबल्यावर आपोआप चालू हुतीया?"

"व्हय. धा-पंधरा मिनिटांनी."

"मग पुन्ना किती जातीया?"

"चार किलोमीटर, कधी तीन."

मिस्त्री मान हलवत राहिले. मला तेव्हा वाटलं, हे नुसते गप्पा मारत वेळ घालवतायत. आज कळतं, की प्रत्येक उत्तराबरोबर ते एकेक नाव खोडत होते. ठिणगी एकदम तुटली तर गाडी बहुधा झटक्यात बंद पडते. जळण कमी पडत गेलं तर ती आचके देत मरते. पण "बहुधा" म्हणजे "नक्की" नव्हे. म्हणून त्यांनी तपासून बघितलं. प्लग काढला, वायरला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मामांना स्टार्टर मारायला सांगितलं. चट् चट्! निळी, खणखणीत ठिणगी. "ठिणगी हजर," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी कार्ब्युरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवली. पुन्हा स्टार्टर मारला. नळीतून पिचकारी यायला हवी होती. आले दोन थेंब.

"जळण गैरहजर. टाकीत पेट्रोल हाय न्हवं?"

"काल गच्च भरलीया," मामा म्हणाले.

"मग पंपाचा पडदा गेला असंल. खोलाय लागंल. पाऊण तास धरा."

पाऊण तास! आईनं डोक्याला हात लावला. मिस्त्रींनी पाना उचलला, पण मध्येच थांबले आणि म्हणाले, "एक सांगा. काल गाडी धड हुती. आज न्हाई. मधल्या वेळात काय बदललं?"

"काही न्हाई," मामा म्हणाले. ते खरंच बोलत होते. त्यांना माहीतच नव्हतं.

मी चपलेकडे बघत उभी होते. सांगितलं तर मार बसणार. नाही सांगितलं तर परीक्षा जाणार. आणि तो पंप, ज्याचा काही दोष नव्हता, तो उगाचच खोलला जाणार. शेवटी माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "टाकीचं झाकण... विहिरीत पडलंय. आम्ही पिशवी बांधलीय."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मिस्त्री मात्र तरातरा मागे गेले. त्यांनी पत्र्याचं दार उघडलं. दुधाची पिशवी टाकीच्या आत ओढली गेली होती, गाल आत ओढल्यासारखी. त्यांनी ट्यूबची पट्टी सोडली आणि... सुस्स्स! हवा आत शिरल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मामांनी दोन-तीनदा स्टार्टर मारला आणि गाडी चालू!

मिस्त्रींनी पिशवीला पोतं शिवायच्या सुईनं दोन भोकं पाडली, ती पुन्हा बांधली आणि म्हणाले, "जावा आता बेतानं. आन् कोल्हापुरात गेल्या गेल्या नवं झाकण घ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, पाऊण तास वाचिवलास."

पेपर सुरू व्हायला सात मिनिटं असताना मी वर्गात पोचले. मामा रागावले नाहीत असं नाही. चांगलेच रागावले. पण पेपर झाल्यावर. तुम्ही विचाराल, बाई, शिष्यवृत्ती मिळाली का? नाही. थोडक्या गुणांनी हुकली. ते खापर मात्र मी गाडीवर फोडणार नाही!

आता या "सुस्स"चं कारण घरीच बघू या. प्लॅस्टिकची एक पातळ बाटली घ्या. तिच्या झाकणाला मोठ्यांकडून भोक पाडून घ्या आणि त्यातून शीतपेयाची नळी आत घाला. नळीभोवतीची फट भिजवलेल्या कणकेनं बंद करा. बाटली जवळजवळ काठोकाठ पाण्यानं भरून झाकण घट्ट लावा. आता नळीनं पाणी ओढा. पहिला घोट येईल. मग बाटली आत चेपायला लागेल आणि पाणी यायचं कमी होईल. आता वरच्या बाजूला टाचणीनं एक भोक पाडा. बघा, पाणी कसं सरळ येतं!

कारण सोपं आहे. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यावी लागते. म्हणून त्या जुन्या गाडीच्या झाकणाला बारीक वाट ठेवलेली होती. आम्ही पिशवी बांधून ती वाट बुजवली. आत पोकळी तयार झाली आणि पंपाला पेट्रोल ओढवेना. गाडी उभी राहिली की फटीतून हळूहळू हवा शिरायची आणि गाडी पुन्हा थोडी चालायची. टाकी गच्च भरलेली म्हणजे आत हवा थोडीच, म्हणून तर गाडी इतक्या लवकर अडली. बघा, मामांनी दिलेलं प्रत्येक उत्तर या एका कारणाशी जुळतं की नाही? खरं कारण सापडलं की असंच होतं. सगळे तुकडे जागच्या जागी बसतात.

बंद पडलेल्या गाडीची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं. पण लोक ती विकत घ्यायला धजेनात. तेव्हा त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मॅनहाइमहून निघाल्या त्या थेट फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी! शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत ना पेट्रोल पंप, ना गॅरेज. इंधन त्यांनी औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीच्या वायरवरचं आवरण झिजलं, तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं बसवून घेतलं.

पण मला त्यांचं सगळ्यांत कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. गाडी चढावर दमते, मुलांना उतरून ढकलावी लागते, हे त्यांनी लपवलं नाही. परत आल्यावर कार्ल यांना सांगितलं आणि गाडीला चढासाठी आणखी एक गिअर हवा असं सुचवलं. "नवऱ्यानं बनवलेली गाडी, तिला नावं कशी ठेवायची?" असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या तर?

तुमच्यातले हुशार वाचक म्हणतील, "बाई, आता जमाना बदलला. आता गाडीत कॉम्प्युटर असतो." अगदी बरोबर. कार्ब्युरेटर जाऊन आता इंजेक्टर आले आहेत. जागोजागी सेन्सर आहेत. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून सगळ्या नव्या मोटारींत दोष नोंदवून ठेवणारी एकसारखी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले, त्या गाड्यांतही अशी यंत्रणा असते. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला गेलात तर बघा, मिस्त्री गाडीला एक छोटं यंत्र जोडतात आणि पडद्यावर एक कोड येतो. समजा कोड आला "पी ०१७१". त्याचा अर्थ, इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. पण का कमी पडतंय? नळी फाटून जास्तीची हवा शिरतेय? फिल्टर तुंबलाय? पंप थकलाय? का सेन्सरच चुकीचं सांगतोय? ते कोड सांगत नाही. ते मिस्त्रीलाच शोधायचं असतं. कोड म्हणजे थर्मामीटर. ताप आहे एवढं तो सांगतो, कशानं आला ते डॉक्टरांनाच शोधावं लागतं. आणि त्यासाठी डॉक्टर विचारतातच, "काल काय खाल्लंस?"

आपल्या कोल्हापूरकरांसाठी तर हा प्रश्न फार महत्त्वाचा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग कितीतरी दिवस पाण्याखाली होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर. गाड्या अख्ख्या पाण्यात बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माणूस काय करतो? पहिल्यांदा किल्ली फिरवून बघतो, चालू होते का! आणि इथंच घात होतो.

पिस्टन हवा दाबतो, हे आपण वर बघितलं. हवा दाबली जाते. पाणी मात्र दाबलं जात नाही. सायकलच्या पंपात हवेऐवजी पाणी भरा, पुढचं तोंड बोटानं बंद करा आणि दांडा दाबून बघा. दाबतच नाही. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला लोखंडी दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. नुसतं भिजलेलं इंजिन साफ करून, ऑईल बदलून पुष्कळदा वाचतं. वाकलेलं इंजिन खोलावंच लागतं, आणि त्याचा खर्च ऐकून घरातले सगळे गप्प होतात. म्हणून लक्षात ठेवा, पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही. बॅटरीची वायर सोडवून घ्यायची, गाडी ओढून गॅरेजला न्यायची आणि मिस्त्रींना पहिलं वाक्य सांगायचं: "गाडीला पाणी लागलंय. कुठपर्यंत लागलं, ते हे." ते लपवलं तर चांगला मिस्त्रीसुद्धा किल्ली फिरवून बसेल. मग दोष कुणाचा?

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. बालिंग्याच्या पुलाजवळ मिस्त्रींनी "कुणी केलं?" असं विचारलं असतं, तर मी तोंड उघडलं नसतं. त्यांनी विचारलं, "काय बदललं?" पहिल्या प्रश्नात मुलाला फक्त शिक्षा दिसते. दुसऱ्यात त्याला मदत करायची संधी दिसते. मुलाचे गुण एकदम घसरले, जेवण कमी झालं, शाळेत जायला ते कुरकुरायला लागलं, तर आपण लगेच नावं पुकारतो: आळशी झालाय, टीव्ही फार बघतो, लक्षच नाही! आधी हजेरी तर घेऊ या. दोन महिन्यांपूर्वी धड होतं, आज नाही, तर मधल्या वेळात काय बदललं? आणि उत्तर ऐकल्यावर पहिली पाच मिनिटं रागवायचं नाही. माझ्या मामांसारखं, पेपर झाल्यावर रागवा!

मुलांनो, या आठवड्यात एक काम करा. घरात बंद पडलेली एखादी वस्तू शोधा. बॅटरी असेल, पेन असेल, सायकलची घंटा असेल. (विजेच्या बोर्डाला आणि गॅसला हात लावायचा नाही.) वहीत चार प्रश्न लिहा. शेवटची कधी चालली होती? एकदम थांबली की हळूहळू? कधी तरी मधेच चालते का? आणि मधल्या वेळात काय बदललं? उत्तरं लिहिल्यावरच हात लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं दुरुस्त झाली ते तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

आणि हो, आमच्या वर्गातलं घड्याळ! मी प्रश्न बदलला. म्हटलं, "कुणी केलं ते मला नको. शनिवारी शाळा सुटल्यापासून आज सकाळपर्यंत काय बदललं, तेवढं सांगा." थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून एक हात हळूच वर आला. खेळण्यातल्या गाडीसाठी त्यानं घड्याळातला सेल नेला होता आणि आज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन परत आणून बसवला होता. फक्त उलटा! त्यानं स्वतःच स्टुलावर चढून तो सुलटा केला. मी स्टूल धरून उभी होते. टिक टिक सुरू झाली आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई